चुंबक, ब्लेड आणि लाथ: जाळीच्या दाराची ही 'घरगुती टेस्ट' आवरा

'सिक्युरिटी जाळीचं दार दुकानातच तपासा. चुंबक लावा, ब्लेड ओढा, एक लाथ घाला. तिन्हीत पास म्हणजे दार पक्कं, सर्टिफिकेट नुसतं मार्केटिंग. खिडकीची जाळी तर कायमची ठोकूनच टाका.' हा मेसेज फिरत फिरत मावशीपर्यंत पोचला आणि चुंबक किंचित चिकटला म्हणून ती धडधाकट जाळी परत करायला निघाली!

आधी चुंबकाचं बघू. अशा जाळ्यांसाठी वापरतात ती ३०४ आणि ३१६ या प्रकारांची स्टेनलेस स्टीलं मुळात चुंबकाला दाद देत नाहीत. पण तार ओढून बारीक करताना, विशेषतः ३०४ मध्ये, थोडं चुंबकत्व येतं. खटकन चिकटलं तर साधं लोखंड असू शकतं, एवढं मान्य. पण खाऱ्या हवेत ३१६ ला तारणारं २-३ टक्के मॉलिब्डेनम (स्टीलमध्ये मिसळलेला एक धातू) चुंबकाला कसं कळणार?

ब्लेडची चाचणी खऱ्या प्रयोगशाळेतही असते. फक्त तिथे ती एकटी नसते.

आता लाथ. मुळात तपासायची असते ती नुसती जाळी नव्हे. जाळी, चौकट, कुलूप, बिजागऱ्या आणि स्क्रू हे सगळं मिळून. ऑस्ट्रेलियाच्या एएस ५०३९ या सिक्युरिटी जाळ्यांच्या मानकानुसार दार प्रत्यक्ष बसवतात तसं बसवून १०० जूलचे ५ धक्के देतात. १०० जूल म्हणजे साधारण १० किलोचं वजन १ मीटरवरून पडावं इतका. शिवाय कुलपापाशी आणि बिजागरीपाशी कटावणी घालून उचकटतात. अनेक दारं इथेच हरतात: जाळीची एक तार तुटत नाही, पण तिची कड चौकटीतून सुटते, कुलपाची पट्टी वाकते, नाहीतर आखूड स्क्रू नुसत्या प्लास्टरमधून उपटून येतात. दुकानात भिंतीला टेकवून ठेवलेल्या नमुन्याला लाथ घालून यातलं काय कळतं? तुमचा पाय दुखतो, एवढंच.

'सर्टिफिकेट असूनही दार तुटतंच ना?' तुटतं. युरोपच्या ईएन १६२७ या घरफोडीविरोधी मानकात आरसी २ वर्गाचं (आरसी म्हणजे प्रतिकाराची पातळी) दार ठरावीक हत्यारांपुढे ३ मिनिटं टिकावं लागतं, आरसी ३ चं ५ मिनिटं. अभेद्य असं कुणी म्हटलेलंच नाही.

मार्केटिंगच्या आरोपात मात्र थोडं तथ्य आहे. काही विक्रेते मिठाच्या फवाऱ्याचा रिपोर्ट पुढे करतात. तो गंजाचा असतो, ताकदीचा नव्हे. रिपोर्टमध्ये मानक कोणतं, मॉडेल, माप आणि कुलूप कोणतं, फिटिंग कसं केलं होतं, ते वाचा. तुमच्याकडे वेगळं कुलूप बसवलं तर तो रिपोर्ट तुमच्या दाराचा नाही.

आणि ठोकून टाकायचा सल्ला सरळ जिवावरचा आहे. आग लागली की खिडकी हीच कधीकधी बाहेर पडायची दुसरी वाट. झोपायच्या खोलीत निदान एक जाळी आतून, किल्लीशिवाय, अंधारात चाचपडूनही उघडेल अशी हवी. खटका घरातल्या सगळ्यांकडून एकदा उघडून घ्या.