ती पांढरी पावडर आणि कोंबड्या : माझ्याच पोस्टबद्दल खुलासा

मागच्या महिन्यात मी लिहिलं होतं की डायटोमेशियस अर्थ ही किडे मारायची पांढरी पावडर नैसर्गिक आहे, कोंबड्या-कुत्र्यांवर, झाडांवर कुठेही बिनधास्त टाका, खाद्यात मिसळा म्हणजे जंतही जातात. ते आता गावातल्या ग्रुप्सवर फिरतंय आणि त्यातलं बरंच चुकीचं आहे, सॉरी.

ही पावडर म्हणजे डायटम नावाच्या सूक्ष्म शेवाळांच्या सिलिकाच्या कवचांची माती. किड्याच्या अंगावरचा मेणासारखा थर ती शोषून घेते, मग किडा सुकून मरतो. म्हणजे ती कोरडी असेल तरच काम करते, पावसाळ्यात दमट खुराड्यात किंवा पाणी घातलेल्या कुंडीत जवळपास काहीच नाही. पोटात तर सगळं ओलंच, त्यामुळे जंतांसाठी तिच्यावर विसंबू नका, विष्ठा तपासून व्हेटकडून औषध घ्या.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, स्विमिंग पूलच्या फिल्टरची पावडर अजिबात वापरायची नाही, ती भट्टीत भाजलेली असते, तिच्यात स्फटिकी सिलिका असतो, तो फुप्फुसांना घातक. फूड ग्रेडच्या, म्हणजे खाद्यासाठी चालणाऱ्या दर्जाच्या पावडरचीसुद्धा धूळ त्रास देतेच. मी मूठभर उधळली तेव्हा आमची तांबडी कोंबडी मान ताणून शिंकत राहिली, तेव्हा कुठे मी नीट वाचायला बसले. आता फक्त खुराड्याच्या फटींमध्ये, कोंबड्या बाहेर असताना, मास्क लावून, अगदी पातळ. फुलांवर नकोच, मधमाश्याही मरतात.

जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका, ज्यांना पाठवलाय त्यांना हा पाठवा.