नंतर निवांत बघू

सहलीहून परतल्यावर कपडे मशीनला लागतात, बॅगा माळ्यावर चढतात. फोटो मात्र फोनमध्येच तळ ठोकून राहतात. "एकदा बसून नीट लावायला हवेत," असं घरातले सगळे म्हणतात आणि सगळे माझ्याकडे बघतात. हे काम माझ्या गळ्यात कधी पडलं, याची कुठेच नोंद नाही. नवऱ्याचं म्हणणं असं, की फोटो तो काढतो, म्हणजे त्याचा वाटा उचलून झाला.

काढतो हे खरंच. रिळाच्या जमान्यात एका रोलमध्ये ३६ फोटो निघायचे, त्यामुळे बटण दाबण्याआधी माणूस आधी समोरचं दृश्य आणि मग स्वतःचा खिसा नीट बघून घ्यायचा. आता एकाच सूर्यास्ताचे इतके फोटो असतात, की भराभर सरकवले तर सूर्य खरोखर मावळताना दिसतो.

हे सगळं कॉम्प्युटरवर उतरवायला घेतलं की पहिला तिढा घड्याळाचा. प्रत्येक फोटोच्या पोटात तो काढल्याची तारीख आणि वेळ नोंदलेली असते, पण ती कॅमेऱ्याच्या मते जी असेल ती. परदेशात उतरल्याबरोबर फोन आपलं घड्याळ आपणहून बदलून घेतो. नवऱ्याचा कॅमेरा मात्र निष्ठावान. तो घरचीच वेळ पाळत राहतो. दोन्हींचे फोटो वेळेनुसार एकत्र लावले, तेव्हा आमचं कुटुंब आधी किल्ला उतरलं आणि मग चढलं. सूर्य मावळला आणि त्यानंतर सगळे दात घासायला लागले. मी हे नवऱ्याला दाखवलं, तर म्हणाला, "पण मिनिटं बरोबर आहेत ना?"

सगळ्या फोटोंची वेळ एकदम पुढेमागे सरकवायची सोय असते. ती वापरायला मिनिट पुरतं, ती कुठे लपवून ठेवली आहे ते शोधण्यात संध्याकाळ जाते.

दिराचं प्रकरण आणखी वेगळं. त्यानं आपले फोटो सावकाश, आम्ही विचारायचं सोडून दिल्यावर ग्रुपवर टाकले. तसे पाठवताना फोटो आक्रसतात आणि त्यांच्या पोटातली मूळ तारीखही गळून जाते. त्यामुळे माझ्या कॉम्प्युटरच्या हिशोबी आम्ही सगळे घरी परत आल्यावर दीर एकटाच पुन्हा त्याच ठिकाणी गेला आणि तिथे त्याला आम्ही सगळे भेटलो.

मग नावांचा घोळ. कॅमेरा फोटोंना चार आकडी नंबर देतो, ९९९९ झाले की पुन्हा ०००१. म्हणजे कुठल्याशा जुन्या सहलीतला उंट आणि या सहलीतलं चर्च, दोघांचं नाव एकच. कॉम्प्युटर विचारतो, जुना काढून नवा ठेवू की दोन्ही ठेवू? मी दोन्ही म्हणते. बहुतेक सगळे हेच म्हणत असावेत, एरवी जगातल्या हार्ड डिस्कचा खप इतका झाला नसता.

फोटो गाळणं हा खरा छळ. ग्रुप फोटो एकाच पोजचे पाच असतात आणि पाचांत वेगवेगळ्या माणसाचे डोळे मिटलेले. मी एक ठेवून बाकीचे काढायला गेले, की बहीण मागून ओरडते, "तो राहू दे गं, त्यात मी बारीक दिसते!" त्याच फोटोत मी शिंकते आहे, ही बाब गौण ठरते. शेवटी पाचही राहतात.

माझ्या स्वतःच्या फोटोंबद्दल कोणी बोलू नये, कारण मी फक्त उपयुक्त फोटो काढते. म्हणजे माहितीचे फलक. प्रत्येक वास्तूसमोर एक फलक असतो, त्यावर बारीक अक्षरांत बराच इतिहास असतो आणि मागे लोक ताटकळलेले असतात. अशा वेळी फलकाचा फोटो घ्यायचा आणि नंतर निवांत वाचायचा, ही माझी पद्धत. यंदा फोटो लावता लावता त्यातला एक चुकून वाचला गेला. ज्या देवळापुढे आम्ही हात जोडून फोटो काढले, ते धान्याचं कोठार होतं.

आणि पाण्याचे फोटो! देवमासे बघायला बोटीनं गेलो होतो. कोणीतरी "तो बघा!" म्हणायचं, सगळे फोन तिकडे वळायचे, तोवर देवमासा खाली. आमच्याकडे आता समुद्राच्या ज्या ज्या भागात नुकताच देवमासा होता, त्या सगळ्या भागांचे सुस्पष्ट फोटो आहेत. भाच्याकडे फोन नव्हता. त्याला शेपटी दिसली, पाठ दिसली, उडालेला फवारासुद्धा दिसला. पण पुरावा नसल्यामुळे घरात त्याचं कोणी मनावर घेत नाही.

ही खोड कॅमेऱ्यानं लावली असं मात्र नाही. अठराव्या शतकात इंग्लंडमधले हौशी प्रवासी क्लॉड ग्लास नावाचा काळपट, किंचित फुगीर आरसा खिशात बाळगायचे. डोंगर आला की डोंगराकडे पाठ करायची, आरसा उघडायचा आणि त्यात डोंगर बघायचा. चित्रासारखा दिसतो म्हणून. कवी थॉमस ग्रे १७६९ साली तिथल्या सरोवरांच्या प्रदेशात फिरताना उघडा आरसा हातात असतानाच चिखलाच्या वाटेवर पाठीवर पडला. बोटांच्या पेरांवर निभावलं. तसाच थांबून त्यानं सूर्यास्त मात्र पूर्ण पाहिला. मला हा गृहस्थ फार जवळचा वाटतो.

फोटो काढावेत की नुसतं बघावं, यावर आमच्याकडे वाद होतो तेव्हा दोन्ही बाजूंना शास्त्राचा आधार असतो. मी लिंडा हेंकेल या मानसशास्त्रज्ञ बाईंचा २०१४ मधला प्रयोग पुढे करते. संग्रहालयात ज्या वस्तूंचे लोकांनी फोटो काढले, त्या वस्तू नुसत्या बघितलेल्या वस्तूंपेक्षा कमी लक्षात राहिल्या. यावर नवरा सांगतो, की त्याच प्रयोगात वस्तूच्या एखाद्या भागावर झूम करून फोटो घेणाऱ्यांची आठवण शाबूत होती, आणि तो तर नेहमी झूमच करतो. शिवाय २०१७ साली निघालेला आणखी एक निष्कर्ष त्याला तोंडपाठ आहे: फोटो काढणाऱ्यांच्या लक्षात पाहिलेलं जास्त राहतं, ऐकलेलं कमी. "म्हणजे तू सांगितलेलं माझ्या लक्षात राहत नाही, यात माझा दोष नाही," असं तो म्हणतो. सहलीबाहेरही म्हणतो.

मध्यंतरी तोडगा निघाला. कुठेही पोहोचलं की पहिली पाच मिनिटं कॅमेरे आणि फोन बॅगेत, फक्त डोळ्यांनी बघायचं. धबधब्यापाशी हे करून पाहिलं. धबधबा मोठा होता, अंगावर तुषार येत होते, भाचा बेभान नाचत होता. नवरा ती पाचही मिनिटं घड्याळाकडे बघत उभा होता. सहाव्या मिनिटाला कॅमेरा बाहेर निघाला, तर भिंगावर पाणी. ते फोटोही आहेत. गाळायचे राहिलेत.

परवा ओळखीचं एक जोडपं घरी आलं आणि स्वतःहून म्हणालं, फोटो दाखवा ना. मी मोठ्या उत्साहानं लॅपटॉप उघडला. तिसऱ्याच फोटोला ते म्हणाले, "अरे, अगदी अशाच जागी आम्हीही गेलो होतो," आणि दोघांनी आपापले फोन काढले. मलाही त्यांना पाचातला तो शिंकेचा फोटो दाखवायचा होता. नवऱ्याला झूम केलेला कळस दाखवायचा होता, कोठाराचा. मग आम्ही चौघं खाली माना घालून शोधत बसलो, आणि थोड्या थोड्या वेळानं कोणीतरी म्हणत होतं, "थांबा हं, इथेच कुठेतरी होता."