मेकाँगच्या पाण्याचा हिशेबही मांडायला हवा

व्हिएतनामच्या वाटचालीवरील लेख वाचला. त्या देशाच्या प्रगतीचे श्रेय लेखकाने १९८६ च्या ‘दोई मोई’ या बाजाराभिमुख आर्थिक सुधारणांना आणि २००७ मध्ये मिळालेल्या जागतिक व्यापार संघटनेच्या सदस्यत्वाला दिले आहे, ते रास्तच आहे. मात्र देशातील सुमारे निम्मा तांदूळ पिकवणाऱ्या मेकाँग नदीच्या त्रिभुज प्रदेशाचा त्यात उल्लेखही नसावा, याची मला मनापासून खंत वाटते. २०१६ आणि २०२० च्या कोरड्या हंगामांत तेथे समुद्राचे खारे पाणी नदीतून खूप आतवर शिरले आणि उभी भातशेती करपली. वरच्या अंगाला चीन व लाओसमधील धरणांत गाळ अडल्याने या प्रदेशाची झीज भरून निघत नाही हे खरे; पण बांधकामासाठी होणारा बेसुमार वाळूउपसा आणि भूजलाच्या उपशामुळे खचणारी जमीन, ही कारणे देशातलीच आहेत.

पावसाळ्यात भात आणि उन्हाळ्यात कोळंबी, अशी गोव्याच्या खाजणांची, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतांची, आठवण करून देणारी पद्धत तेथील काही शेतकऱ्यांनी स्वीकारली आहे, आणि मला ती खारे पाणी अडवणाऱ्या भिंती व झडपा बांधण्यापेक्षा अधिक शहाणपणाची वाटते.

सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकेशी सर्वसमावेशक सामरिक भागीदारी करून डिसेंबरमध्ये चीनचे अध्यक्ष शी जिनपिंग यांचेही स्वागत करणाऱ्या हनोईच्या, म्हणजे व्हिएतनाम सरकारच्या, मुत्सद्देगिरीचे लेखात कौतुक आहे. परंतु नदीच्या खालच्या अंगाच्या देशांनी मिळून चालवलेल्या मेकाँग नदी आयोगाचा चीन सदस्यच नसल्याने पाणी सोडण्याबाबत त्याच्यावर कोणतेही बंधन येत नाही. या मुत्सद्देगिरीची खरी कसोटी मला तेथेच दिसते.