विक्री जमिनीची की पिकांची?

प्राचीन इस्राएलमध्ये वडिलोपार्जित शेतजमीन विकण्यास सरसकट बंदी होती, हे लेखातील विधान मला अपुरे वाटते. बायबलच्या जुन्या करारातील लेवीय या ग्रंथाच्या २५व्या अध्यायानुसार अडचणीत सापडलेला शेतकरी आपली जमीन दुसऱ्याला देऊ शकत असे. मात्र तिची किंमत योबेल वर्षापर्यंत, म्हणजे दर ५०व्या वर्षी येणाऱ्या विशेष वर्षापर्यंत, निघू शकणाऱ्या पिकांच्या संख्येवरून ठरवायची आणि त्या वर्षी ती मूळ कुटुंबाकडे परत जायची, असा दंडक होता. त्याआधीही जवळच्या नातलगाला ती सोडवून घेता येई. तटबंदीच्या नगरातील घरासाठी ही मुभा एकच वर्ष होती, यावरून हा कायदा मुख्यतः शेतकरी कुटुंबासाठीच होता हे दिसते. तो प्रत्यक्षात कितपत पाळला गेला, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. बायबलमधील कथेत नाबोथ नावाच्या माणसाने इस्राएलच्या अहाब राजाला पूर्वजांचा द्राक्षमळा देण्यास नकार दिला, तेव्हा अहाबाची पत्नी ईजबेल राणीने त्याच्यावर खोटा आरोप रचून त्याला ठार करविले आणि अहाबाने मळा ताब्यात घेतला, हा प्रसंगही लेखात यायला हवा होता.