डागाच्या रंगावरून दिवस गेलेत की नाही ते कळत नाही

गेल्या आठवड्यात आमच्या बचत गटाच्या ग्रुपवर एक मेसेज आला, दुसऱ्या दिवशी तोच माहेरच्या ग्रुपवर, मग जाऊबाईंच्या स्टेटसला. "पाळी की गोड बातमी, घरच्या घरी ओळखा" असं वरती आणि खाली यादी. रक्त लाल तर पाळी, गुलाबी किंवा तपकिरी तर बाळ रुजतंय. तारखेच्या आधी डाग लागला तर गर्भ, तारखेला आलं तर पाळी. गाठी पडल्या, पोटात दुखलं तर पाळीच. दिवस गेल्यावर डाग लागणं नॉर्मल, डॉक्टरकडे धावू नका. आणि शेवटी साखरेत नाहीतर टूथपेस्टमध्ये लघवी घालून बघायची टेस्ट. मी एरवी असले मेसेज सोडून देते पण वाडीतल्या एका नव्या नवरीनी मोबाईल पुढे धरून विचारलं, काकी माझं तपकिरी आहे, म्हणजे नक्की ना? म्हणून आता एकेक करून लिहितेच.

रंगाचं आधी. रक्त तपकिरी दिसतं कारण ते बाहेर यायला वेळ लागलेला असतो, बस्स. हवा लागून रंग बदलतो, कपड्यावरचा डाग दुसऱ्या दिवशी कसा दिसतो ते आपण सगळ्यांनी बघितलंय. पाळीच्या पहिल्या दिवशी थोडं थोडं येतं तेव्हा तपकिरी असतं, शेवटच्या दिवशी पण तेच, जोरात जातं तेव्हा लाल. दिवस गेलेल्या बाईला लाल पण जाऊ शकतं नि दिवस न गेलेल्या बाईला नुसतं तपकिरी पण. पाळी जायच्या वयात, थायरॉइडमुळे, आय-पिल घेतल्यावर, तांबी बसवल्यावर असे डाग लागतातच. एक गोष्ट मात्र खरी आहे, गर्भ रुजताना कधी डाग लागलाच तर तो किरकोळ असतो, एक-दोन दिवस, पॅड भरत नाही. पण बारीक डाग म्हणजे गर्भच, असं उलटं नाही होत.

आता तारखेचं, यात जास्त घोळ आहे. बीज सुटल्यावर साधारण ६ ते १२ दिवसांनी गर्भ रुजतो, बहुतेकींचा ८ ते १० दिवसांत. म्हणजे पाळीची तारीख जवळ आलेलीच असते, त्यामुळे आधी लागलेला डाग कशाचा ते तारखेवरून सांगणार कसं? आणि अमेरिकेतला, २००३ साली छापून आलेला एक अभ्यास आहे, त्यात १५१ गरोदर बायकांच्या रोजच्या नोंदी बघितल्या, तर पहिल्या ८ आठवड्यांत रक्त गेलेल्या फक्त १४ निघाल्या, आणि ते रक्त बहुतेक पाळी यायची त्याच सुमारास गेलं होतं, गर्भ रुजला त्या दिवशी क्वचितच. म्हणजे तारखेला आलं म्हणून पाळीच, हे पण खोटं. त्या १४ पैकी १२ जणींना पुढे व्यवस्थित बाळं झाली.

त्यात आपल्याकडे आणखी एक. गणपतीत अडचण नको म्हणून अर्ध्या वाडीतल्या बायका पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतात, मेडिकलमधनं, कोणाला न विचारता. गोळ्या थांबवल्या की २-३ दिवसांनी रक्त येतं, कधी कमी कधी खूप, महिन्याचं गणित सगळं फिरतं. चाकरमानी पण तेव्हाच घरी आलेले असतात. या गोळ्यांनी गर्भ राहायचा थांबत नाही, आणि मग गणपती गेल्यावर डाग लागला तर मोजायचं कुठल्या तारखेपासून?

गाठी नि दुखणं यावर फार लिहीत नाही. पाळीत दुखतं, दिवस गेल्यावर पण ओटीपोटात ओढल्यासारखं होतं, आणि गर्भ पडत असेल तर गाठीही पडतात नि दुखतंही. गाठी बघून "पाळीच" म्हणून घरी बसणारी बाई कदाचित तिसरंच काहीतरी सोसत असते.

"डाग लागणं नॉर्मल, डॉक्टरकडे धावू नका" या ओळीचा मला खरंच राग आलाय. पहिल्या तीन महिन्यांत साधारण चौघींत एकीला थोडंफार रक्त जातं आणि पुष्कळजणींचं पुढे सगळं ठीक होतं, हे खरं आहे. पण शंभरातल्या एक-दोन गरोदर बायकांचा गर्भ पिशवीत न रुजता नळीत रुजतो, आणि त्याचं रक्त कसं दिसतं? बारीक, तपकिरी, थांबून थांबून. मेसेजमध्ये "बाळ रुजतंय" म्हणून लिहिलंय अगदी तसं.

माझ्या धाकट्या बहिणीचं हेच झालं. भातलावणीचे दिवस, पाळी दहा-बारा दिवस चुकली मग तपकिरी जायला लागलं, तिला वाटलं पाळीच उशिरा आलीय नि चिखलात उभं राहून कमी जातंय. आठ दिवस ती तशीच शेतात. उजव्या बाजूला दुखायचं तर वाकून वाकून म्हणायची. नवव्या दिवशी संध्याकाळी खांदा दुखायला लागला, उठली आणि चक्कर येऊन पडवीत कोसळली. पावसात साकवावरनं पाणी, गाडी मिळेपर्यंत आमच्या जिवाचं काय झालं ते आमचं आम्हाला माहीत. नळी फुटली होती, पोटात रक्त साठलेलं, ते छाती नि पोटामधल्या पडद्याला लागतं म्हणून खांदा दुखतो हे डॉक्टरांनी नंतर सांगितलं. नळी काढली, रक्त चढवलं, वाचली. आमच्या सिंधुदुर्गात तालुक्याहून ओरोसचं जिल्हा रुग्णालय नाहीतर थेट गोव्यातलं बांबोळीचं मोठं हॉस्पिटल, म्हणजे वाटेतच किती वेळ जातो बघा. म्हणून पाळी चुकलेली असताना डाग, एका बाजूला दुखणं, खांदा दुखणं, चक्कर, यातलं काही जमलं की सकाळची वाट बघायची नाही, १०८ ला फोन करायचा.

आणि मेडिकलमधनं गर्भ पाडायच्या गोळ्या आणून घेऊ नका. त्या पिशवीतल्या गर्भावर काम करतात, नळीतल्यावर नाही. रक्त जातं, बाईला वाटतं झालं मोकळं, आणि आत नळी फुगतच असते.

साखरेची नि टूथपेस्टची टेस्ट: फेस येतो तो पेस्टमधल्या खडूला लघवीतलं आम्ल लागलं म्हणून, पुरुषाच्या लघवीनी पण येईल. खरी टेस्ट म्हणजे किट, आशाताईंकडे "निश्चय" नावाचं फुकट मिळतं. ते लघवीतलं एचसीजी नावाचं हार्मोन बघतं, आणि ते गर्भ रुजल्यावरच बनायला लागतं, दर २-३ दिवसांनी साधारण दुप्पट होत जातं. त्यामुळे डाग लागला त्याच दिवशी टेस्ट केली तर खरोखर दिवस गेले असले तरी निगेटिव्ह येऊ शकते. पाळी चुकल्यावर करा, सकाळच्या पहिल्या लघवीनी, निगेटिव्ह आली नि पाळी आली नाहीच तर आठवड्यानी परत. नेहमीपेक्षा फारच कमी गेलं असेल तर "पाळी आली" म्हणून सोडू नका, तेव्हा पण करा. पॉझिटिव्ह असून रक्त जात असेल तर सोनोग्राफी, आणि रक्तगट निगेटिव्ह असेल तर डॉक्टरांना आपणहून सांगा, अँटी-डी इंजेक्शन लागू शकतं.

त्या पोरीला मी आशाताईंकडे घेऊन गेले. पहिली टेस्ट निगेटिव्ह आली, तिचा चेहरा एवढासा झाला. पुढच्या सोमवारी परत बोलावलंय, मी पण जाणार आहे तिच्याबरोबर.