या, आणि रस्सा पातळ करून जा

लाँग वीकेंड लागला की पुण्या-मुंबईच्या गाड्या कोल्हापूरकडे वळतात. अंबाबाईचं दर्शन, महाद्वार रोडला चपला, रंकाळ्यावर फोटो, आणि उरलेला सगळा वेळ खाणं. चांगलंच आहे. गेल्या रविवारी गावातल्या एका मिसळीच्या दुकानात सहा जणांच्या टेबलावर दोन माणसं आणि चार पर्सा बसल्या होत्या. पर्सांचे मालक म्हणे अजून दर्शनाच्या रांगेत होते. दारात तीस माणसं ताटकळत उभी, आणि पर्सा निवांत. त्या पर्सांकडे बघूनच वाटलं, की कोल्हापुरात कसं खावं हे कुणीतरी एकदा नीट लिहून ठेवायला हवं. तर घ्या लिहून.

मिसळ खायला दुपारी दीडला पोचा. कट, म्हणजे मिसळीचा तिखट रस्सा, पहाटे चुलीवर चढतो, आठ-नऊ वाजता तो ऐन रंगात असतो, मटकी शिजलेली पण अख्खी असते, हे सगळं आमच्यासाठी. दीडपर्यंत पातेल्यात तळाचा कट उरतो. आटून खारट झालेला असतो, म्हणून त्यात गरम पाणी पडलेलं असतं आणि मटकीची आमटी झालेली असते. तो खा, रुमालाला हात पुसा आणि बाहेर पडता पडता मोबाइलवर एक तारा देऊन खाली लिहा, ‘उगाच नाव झालंय’.

गाडी दुकानाच्या दारातच लावा. एमएच बारा असेल तर थोडी आडवी लावा.

मिसळ समोर आली की तिला हात लावू नका. शेव-चिवडा कटात पडल्यावर दोन-तीन मिनिटं कुरकुरीत राहतो, आणि ती दोन-तीन मिनिटं तुमच्या मोबाइलची असतात. आधी वरून, मग बाजूनं, मग लिंबू पिळताना हळू गतीत. कट ओततानाचं नीट आलं नसेल तर वाढप्याला पुन्हा ओतायला सांगा, त्याला दुसरं काम काय आहे? शेवटी कॅमेऱ्याकडे बघून ‘नाद खुळा’ असं ओरडा. शेजारचा म्हातारा दचकला तर तेही चित्रीकरणात घ्या. एवढ्यात शेवेचा लगदा झालेला असेल. मग तो खाऊन म्हणा की क्रंच नाही.

सोबत जाड कापांचा ब्रेड आला की नाक मुरडा आणि लादी पाव मागा. ते काप कट शोषायला असतात, पण तुम्हाला शोषायचं काय काम.

तिखटाबद्दल सविस्तर सांगतो, कारण इथं बरेच जण गडबडतात. आल्या आल्या ‘कमी तिखट’ सांगावं, आणि ताट आलं की ‘हे काय, तिखटच नाही’ म्हणावं. हा क्रम चुकवू नये. तांबडा रंग दिसला की घाम पुसायला सुरुवात करावी. तो रंग बराचसा ब्याडगीचा असतो, जी रंगाला मोठी आणि जाळाला लहान. तिखटाला दुसरी मिरची, संकेश्वरी किंवा लवंगी, आणि ती किती घालायची हे उन्हाळ्यात डंकावर, म्हणजे मसाला कांडायच्या गिरणीत, चटणी कांडून घेतानाच ठरतं. त्या चटणीत कांदा, लसूण, सुकं खोबरं, तीळ, धणे, जिरे एवढा ऐवज असतो. पण जिभेवर आग आणि डोळ्यांत पाणी आलं नाही तर तुमचे पैसे वसूल कसे होणार? आणि खरंच झोंबलं, तर बर्फाचं पाणी ढोसा. मिरचीचा जाळ पाण्यात विरघळत नाही, तो फक्त तोंडभर पसरतो, त्यामुळे व्हिडिओ छान येतो. ताटात नारळाच्या दुधाचा पांढरा रस्सा हा जाळ शमवायलाच तर ठेवलेला असतो. त्यातला स्निग्धांश जाळ धरून खाली नेतो, म्हणून मधे मधे त्याचा एकेक घोट घ्यायचा असतो. पण ते आमचं झालं.

पनीर कोल्हापुरी जरूर मागवा. आमच्या कुणाच्या आजीनं ते कधी केलं नाही, पण तुम्ही मागितलंत म्हणून आता मेनू कार्डात त्याला अख्खं पान आहे.

मटणाला जायचं तर सोमवार, शनिवार किंवा संकष्टी बघा. गावात बुधवार-रविवारी मटण खपतं, सकाळी कापलेलं दुपारपर्यंत संपतं. उपवासाच्या दिवशी फ्रीज तुमचाच.

गंगावेशीत दूध कट्ट्यावर म्हशीची धार समोर काढून देतात. तिथं ‘ओट मिल्क आहे का’ हे विचारायला विसरू नका.

आता मुख्य विषय, म्हणजे अनलिमिटेड रस्सा. ही पाटी वाचली की तुमच्या डोळ्यांत जे तेज येतं ते अंबाबाईसमोरही दिसत नाही. पद्धत अशी : माणसं चार, थाळ्या दोन. सुकं मटण मोजून वाटून घ्या, आणि रस्सा मात्र चौघांना चार चार वाट्या. तांबडा मागताना ‘फक्त वरची तर्री दे रे’ असं सांगा. तर्री वर येते कारण मसाला तेलात नीट परतलेला असतो, तेच तेल रंग घेऊन तरंगतं. पहिल्या दहा टेबलांनी ती काढून नेली की खाली फिकट पाणी राहतं. मग हॉटेलवाला काय करतो? वेगळं लाल तेल करून ठेवतो आणि वाढताना पळीभर वरून सोडतो. ती चमक बघून तुम्ही म्हणता, ‘अस्सल!’

पांढऱ्याचं याहून वाईट. तो मुळात मटणाच्या अळणीचा असतो. किलोभर मटण शिजवताना दोन-अडीच लिटर पाणी, त्यात हाडांचा आणि चरबीचा जो अर्क उतरतो तो अळणी. त्यातली निम्मी तांबड्याला आणि निम्मी पांढऱ्याला. तीळ, खसखस आणि काजूचं वाटण, आलं-लसूण, खडा मसाला, आणि सगळ्यात शेवटी नारळाचं घट्ट दूध. दूध पडलं की आच मंद करायची, एक वाफ आली की उतरायचा. खळखळून उकळला तर फुटतो. म्हणजे घरी किंवा शेतावरच्या रस्सा मंडळात, मित्रांच्या मटणाच्या बैठकीत, तो लागेल तेवढाच होतो आणि लगेच प्यायला जातो. किलोला पाच-सहा माणसं. हिशोब इतका सरळ आहे.

आता हाच रस्सा तुम्हाला दुपारी बारा ते चार, वाफाळता आणि अमर्याद हवा. कुठून आणायचा? तासन् तास आचेवर ठेवला की फुटणार, म्हणून त्याला मैदा नाहीतर कॉर्नफ्लॉवर लागतं. अळणी पुरत नाही म्हणून पाणी आणि पावडर येते. नारळ परवडत नाही म्हणून दुधाची पावडर येते. ओळखायचं सोपं आहे, वाटी पाच मिनिटं तशीच ठेवा. वर साय धरली आणि खिरीसारखा दाटला, तर पीठ लावलंय. चांगला पांढरा सरसरीत असतो, निवताना वर चरबीचा पातळ पडदा येतो आणि तळाला तीळ-खसखशीचा बारीक रवा बसतो. पण तुम्ही हे बघणार कशाला? तुम्हाला तो ‘क्रीमी’ लागतो! सूप म्हणे सूप! ‘पांढरा थोडा थिक मिळेल का?’ असं विचारलंत ना त्या पोराला? मिळेल की. तुमच्या हट्टापायी मिळायला लागलाय, आणि आता आम्हालाही तोच मिळतो, आमच्याच गावात.

आणि हॉटेलवाले? तेही काही धुतल्या तांदळासारखे नाहीत. पाटी त्यांनीच लावली. रांग बघून थाळीचा दर वाढवला, मटणाचे तुकडे कमी केले आणि त्या जागी वाट्या वाढवल्या. पण ताट भरलेलं दिसलं पाहिजे ही मागणी कुणाची? आठ वाट्यांची थाळी फोटोत चांगली दिसते, हे त्यांना कुणी शिकवलं?

मी आता सूचना-बिचना काही देत नाही. सरळ विचारतो. त्या दोन थाळ्यांवर चौघं बसलात तेही जाऊ द्या. पण उठताना टेबलावर किती वाट्या भरलेल्या होत्या ते एकदा मागं वळून बघितलंत का? पाच. तीन पांढऱ्याच्या, दोन तांबड्याच्या, काठोकाठ, थंड. त्या पुन्हा पातेल्यात जात नाहीत, गटारात जातात. बकरं मारून, हाडं शिजवून, नारळ खवून केलेला रस्सा ओतून देता आणि गाडीत बसून ‘कोल्हापूरकर काय प्रेमानं वाढतात हो’ म्हणता. प्रेमानं वाढतात म्हणून टाकायचं व्हय? तो बादली घेऊन फिरणारा पोरगा तुम्हाला ‘घ्या की’ म्हणतो, कारण आमच्याकडे तसं म्हणायची रीत आहे. नको असेल तर वाटीवर हात आडवा धरून ‘बास’ म्हणायला काय पैसे पडतात का?