६४१ ने भागलं की झालं?

माझ्या लेखात मी लिहिलं होतं, की ४,२९,४९,६७,२९७ ही संख्या गणितज्ञ फर्माने मूळ मानली होती आणि ती तशी नाही हे पुढे गणितज्ञ ऑयलरने ‘अफाट कष्टांनी’ दाखवलं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं, की ही संख्या मूळ नाही हे दाखवायला तिला ६४१ ने भागलं की पुरे. ६४१ ही ११६ वी मूळ संख्या, म्हणजे ओळीने भागत गेलं तरी काम उरकतं. मग ऑयलरच्या ‘अफाट कष्टां’चं एवढं कौतुक कशाला? आणि ती संख्या मूळ मानणारा फर्मा नुसता आळशी!

‘अफाट कष्ट’ हे माझे शब्द मागे घेतो. चुकलंच. पण चूक तुम्ही म्हणता त्याहून मोठी आहे, कारण ११६ भागाकारांचीही गरज नाही.

ही संख्या म्हणजे २ चा ३२ वा घात अधिक १. समजा, प ही मूळ संख्या तिला भागते. मग प ने भागताना २ च्या ३२ व्या घाताची बाकी −१ येते (म्हणजे पूर्ण भाग जायला १ कमी पडतो), ६४ व्या घाताची १. त्याआधी १ ही बाकी कुठेच येत नाही. आली असती तर ३२ व्या घातालाही १ च आली असती. म्हणजे १ ही बाकी फक्त ६४ च्या पटीतल्या घातांना येते. आणि फर्माच्याच प्रमेयानुसार २ च्या (प − १) व्या घाताची बाकी १ असते. तेव्हा प − १ ला ६४ ने भाग जायलाच हवा. अशा मूळ संख्या लिहून काढा: १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचवीलाच सापडली! त्यातही २५७ तपासायला नको. ती ४,२९,४९,६७,२९५ ला भागते, मग दोनच पुढे असलेल्या संख्येला कशी भागेल?

भागाकारही टाळता येतो. ६४१ = ५ × १२८ + १, आणि ६४१ = ६२५ + १६. पहिल्यावरून ५ × २⁷ ची बाकी −१, चौथा घात घेतला की ६२५ × २²⁸ ची बाकी १. दुसऱ्यावरून ६२५ च्या जागी −१६ ठेवा: −२³² ची बाकी १. संपलं. (दुसरा अवयव ६७,००,४१७, तोही मूळ.)

आळशीपणाचा आरोप मात्र मला मुळीच पटत नाही. १६४० मध्ये फर्माने २³⁷ − १ चा विभाजक २२३ शोधला तो अगदी अशाच चाळणीने: ७४ ची (म्हणजे २ × ३७ ची) पट अधिक १. हत्यार हातात होतं, तरी ६४१ निसटला आणि १७३२ मध्ये ऑयलरला मिळाला. माझ्या लेखी खरी गंमत इथे आहे. शिवाय फर्माच्या प्रमेयाची कसोटी (संख्येहून एकने कमी असलेल्या घाताची बाकी १ येते का) २ घेऊन लावली तर ही लबाड संख्या चक्क उत्तीर्ण होते! ३ घेतला की पकडली जाते.

आणि ‘भागत जायचं’ म्हणाल, तर याच कुळातली (जिथे घातांकही २ चाच घात असतो) २ चा १०,४८,५७६ वा घात अधिक १ ही संख्या घ्या. ३,१५,६५३ अंकी. ती मूळ नाही हे १९८० च्या दशकातच सिद्ध झालं, पण तिचा एकही विभाजक अजून कोणाला माहीत नाही.

लेखात ‘अफाट कष्टांनी’ खोडून ‘६४ च्या चाळणीने’ असं करतो आहे.